निवाडा : तिरकस

सोमवार, ४ मार्च

दिलं एकदाचं! ताईचं बोलणं ऑफिसात देऊन आले. गेल्या आठवड्यात घरी फोनवर टिपलेलं सगळं – जेवतानाचं, भांडतानाचं, कपडे वाळत घालताना मला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं ती स्वतःशी पुटपुटते तेही.

गुपचूप टिपलं असं नाही हं. विचारलं होतं. नियमच आहे तसा – रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला त्या माणसाच्या तोंडून 'चालेल' आलं पाहिजे, नाहीतर घेत नाहीत. म्हणून फोन चालू केला आणि विचारलं, "ताई, तुझं बोलणं चार लोकांना ऐकवलं तर चालेल का गं?" तर म्हणते कशी – "ऐकव की! चांगलं तिकीट लाव. पहिल्या रांगेत तुझ्या साहेबाला बसव." आणि गॅस बंद करायला उठून गेली.

झालं. मी लिहून टाकलं – संमती आहे.

नंतर काही ती पुन्हा बोलली नाही, मीही काढलं नाही. फोन टेबलावर पडलेलाच असतो माझा, तिला काय कळणार. आता हे लिहीत बसलेय म्हणजे चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आमचं काम सांगितलं की लोक हसतात. यंत्राला टोमणे शिकवायचे. ते बोलणारं यंत्र – माणसासारखं उत्तर देतं, फोनवर वगैरे – त्याला मराठी फाडफाड येतं, पण टोमणा म्हणून कळत नाही. कुणी वैतागून म्हणालं, "वा, काय तत्परता! सकाळपासून फोन धरून बसलोय," की हे म्हणणार, "कौतुकाबद्दल आभारी आहे!" मग आम्ही बसतो कानाला हेडफोन लावून. लोकांच्या बोलण्याचे तुकडे ऐकायचे आणि बटण दाबायचं – सरळ, तिरकस, किंवा सांगता येत नाही. एकेक तुकडा दोघं ऐकतात. दोघांचं जमलं नाही की माझ्याकडे येतो. मी म्हणेन ते शेवटचं. त्याला आमच्यात निवाडा म्हणतात. यंत्र तेच शिकतं.

आजवर नट आणून बोलवून घ्यायचे. त्यांचं तिरकस बोलणं म्हणजे – भुवया वर गेलेल्या ऐकू येतात! साहेब (वयानं माझ्या भाच्यासारखे, पण साहेब) कंटाळून म्हणाले, "घरातलं खरं बोलणं हवं हो." आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला – "आमच्या घरी खाण आहे!"

मंगळवार, ५ मार्च

साहेब बेहद्द खूश. 'तिकीट लाव' ऐकून तर टाळीच मागितली. "मॅडम, कोण या? यांना पगारावर ठेवू या!"

बहीण आहे म्हटलं. मान ताठ झाली माझी. खोटं कशाला बोलू.

शुक्रवार, ८ मार्च

ताईबद्दल कधी नीट लिहिलंच नाही मी इथे. बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, बदडलंही. जन्मभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर. 'नमस्कार, कृपया थांबा, आपला नंबर जोडून देते, धन्यवाद' – परक्यांशी इतकं गोड बोलायची की घरी येईपर्यंत सगळी साखर संपलेली असायची. घरात आमच्या वाट्याला तिखट. पण ते आपल्या माणसांचं तिखट! तिचे यजमान गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली – का मी तिच्याकडे, हा वाद अजून चालू आहे. मी लग्न केलं नाही. "एवढं सहन करणारा दुसरा कुठून आणायचा, मी एकटीच पुरे" – ताईचंच वाक्य.

आमच्या घरात 'बरी आहेस ना' असं कुणी विचारत नाही. 'अजून आहेस वाटतं' असं विचारतात. मला उशीर झाला की, "या राणीसरकार, पालखी वाटेत मोडली का?" ऐकलं की बरं वाटतं. घरी आल्यासारखं वाटतं.

ऑफिसात आज कटकट. कोर्टाची जुळणी घसरली. कोर्ट म्हणजे आमच्यातले एक गृहस्थ. आयुष्यभर न्यायालयात लघुलेखक होते – साक्षीदार बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. निवृत्त होऊन इकडे आले. मुलीचं शिक्षण व्हायचंय अजून. त्यांच्या जोडीला एक मुलगी असते, तिला आम्ही खिदळी म्हणतो. हेडफोन लावला की ती हसायला लागते. तर – तुमचं बटण माझ्या निवाड्याशी किती वेळा जुळलं, ती तुमची जुळणी. फार खाली गेली की नारळ.

कोर्टाची खाली जाणारच! आज एक बाई नवऱ्याला म्हणते, "लवकर आलात! शेजारणीनं हाकललं वाटतं?" कोर्टानं दाबलं – सांगता येत नाही. का हो? तर म्हणे, "शेजारणीची बाजू ऐकलेली नाही."

खिदळी खुर्चीवरून पडायची राहिली. मी पण हसले, सगळ्यांदेखत. ते चष्मा पुसत बसले. नको होतं इतकं हसायला.

रविवार, १० मार्च

ताईनं सकाळी दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवलं – म्हणजे ओट्याच्या बाहेर ठेवलं! सगळं दूध जमिनीवर. मी म्हटलं, "फरशीला भूक लागली होती का गं?" "तुझ्यापेक्षा ती जास्त कामाला येते," ताई म्हणाली. पुसायला मात्र मला लावलं.

दुपारी जेवताना मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती. "काय गं, मानेला काय झालं?"

"मानेला काही नाही. तुझं तोंड अर्धंच दिसतं हल्ली. अर्ध्यावर कुणीतरी काळं कापड धरलंय. तेवढंच सुख!"

"मग सांग त्याला, दुसऱ्या बाजूलाही धर म्हणावं. पुरतीच सुटशील!"

मी हसतच होते. ताईही हसली. जरा थांबून हसली, पण हसली. फोन चालू होता. मी मनात म्हटलं, हा तुकडा म्हणजे सोनं आहे.

बुधवार, १३ मार्च

सोन्याचा तुकडा आज टेबलावर आला. आवाज बदललेले असतात, कुणाचं घर आहे ते ऐकणाऱ्याला कळत नाही. खिदळीनं हसत हसत तिरकस दाबलं. कोर्टानं – सरळ.

सरळ! मी म्हटलं, "अहो, 'तेवढंच सुख' म्हणतेय ती! याच्यापेक्षा तिरकस काय असतं?"

कोर्ट म्हणाले, "तेवढं तिरकस असेल. आधीचं सरळ आहे. या बाईला अर्धंच दिसतंय. हिला डॉक्टरकडे न्या."

"कुणी न्या?" खिदळी.

"जी हसतेय तिनं."

खिदळी पोट धरून हसली. मी पण. कोर्ट हसले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. त्यांचं ते नेहमीचंच – साक्षीदाराकडे बघतात तसं. मग म्हणाले, "पुन्हा एकदा लावा. ती मध्ये थांबते."

पुन्हा लावलं नाही. खरं तर तो तुकडा माझ्या हातात यायलाच नको होता. नियम स्पष्ट आहे – आपण आणलेल्या बोलण्याचा निवाडा आपण करायचा नाही, साहेबांकडे द्यायचा. का, तर ओळखीच्या माणसाचं बोलणं आपण ऐकतच नाही, आपल्याला आधीच ठाऊक असतं! हे वाक्य नव्या लोकांना मीच शिकवते. साहेब पलीकडच्याच खोलीत होते. उठायचा कंटाळा केला. कंटाळा पण नाही – मलाच करायचा होता निवाडा. माझ्या ताईचं बोलणं मला नाही कळणार तर काय कोर्टाला कळणार?

निवाडा : तिरकस. शेजारी शेरा मारला – 'उत्तम नमुना, शिकवण्यासाठी वापरावा.'

गुरुवार, १४ मार्च

छान झोप लागली काल. ताई म्हणाली, "घोरत होतीस. मला वाटलं रस्त्यावर काम काढलं."

रविवार, १७ मार्च

शनिवारचं लिहिते.

शनिवारी आमचं ऑफिस अर्धा दिवस. कोर्टाला नारळ मिळाला. या आठवड्यातले त्यांचे बरेच तुकडे जुळले नाहीत, त्यात ताईचेच जास्त – तेही निवाडे मीच केलेले. साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं. कोर्टानं डबा पिशवीत घातला, खुर्ची सरकवून नीट लावली. खिदळी रडत होती – हिला रडताही येतं! ते माझ्याकडे आले. मला वाटलं आता बोलतील, ऐकायची तयारी केली. तर एवढंच म्हणाले, "मॅडम, त्या अर्धं दिसणाऱ्या बाईंचं काय झालं ते बघा."

'कळलं तर सांगा' असं नाही म्हणाले. 'बघा' म्हणाले. मी म्हटलं, "बरं." वरवर म्हटलं. पण वाटेत ते काही डोक्यातून जाईना. पातेलं आठवलं. परवा डाव्या खांद्यानं दाराच्या कडेवर आपटली ते आठवलं – "हे दार इथे कधी आलं?" म्हणाली होती, मी हसले होते.

घरी आले. ताई भाजी निवडत बसली होती. मी चप्पलही न काढता तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. काही नाही. हात पुढे केला, तिच्या कानाजवळून डोळ्यापर्यंत आणला. काही नाही! शेंगा मोडत होती. म्हटलं, "ताई, माझी किती बोटं आहेत सांग."

दचकली. मग सावरून म्हणाली, "पाच. तुझी नेहमी पाचही तुपात!"

दोन होती. मी दोन धरली होती.

तशीच उठवली तिला. "अगं भाजी –" "खड्ड्यात गेली भाजी!" डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, कामाला वाघ. अंधाऱ्या खोलीत बराच वेळ बघितलं. बाहेर येऊन म्हणाल्या – डाव्या डोळ्याच्या मागचा पडदा सुटलाय. दुखत नाही यात काही, म्हणून माणसं उशीर करतात. आधी दिवे चमकल्यासारखे दिसतात, मग कोपऱ्यातून काळं सरकत येतं. "कधीपासून आहे?"

ताई म्हणाली, "कालपरवापासून."

डॉक्टरीणबाई तेच लिहायला लागल्या. कालपरवापासून नव्हतं! मला माहीत होतं कधीपासून. माझ्या फोनमध्ये होतं, तारीखवार, तिच्याच आवाजात. फेब्रुवारीत एकदा संध्याकाळी म्हणाली होती, "डोळे मिटले तरी दिवे लागतात गं." आणि मी म्हटलं होतं, "बिल तुझ्या नावावर पाठवू." तेही ऑफिसात दिलंय मी!

गप्प बसता आलं असतं. गप्प बसावंसं वाटलं – हे इथे लिहिलंच पाहिजे. पण बाई म्हणाल्या, "नक्की सांगा हं, त्यावर पुढचं ठरतं." तेव्हा मी बोलले. दिवे फेब्रुवारीपासून. काळं कापड निदान गेल्या रविवारपासून.

"तुम्हाला एवढं नक्की कसं माहीत?"

"टिपलंय. ऑफिसच्या कामासाठी. तिला नकळत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. ताईनं मान वळवून, उजवा डोळा माझ्यावर लावून, बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. सुटू दे, म्हटलं. पण ती हळू आवाजात म्हणाली –

"म्हणजे ऐकत होतीस तू."

एवढंच. रागानं सुद्धा नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच रविवारी आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं. आता मधला भागही सुटलाय. उद्याच ऑपरेशन. बघू.

आज सकाळी झालं ऑपरेशन. आत नेताना मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं तो चादरीत घेतला. थंडी वाजत असेल. नाही – थंडी नव्हती.

मंगळवार, १९ मार्च

ताईला पालथं झोपायला सांगितलंय. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलाय, तो पडद्याला दाबून धरणार, म्हणून तोंड सतत खाली. दिवसभर, रात्रभर. जेवणही तसंच. मी जमिनीवर बसून घास भरवते.

ती मला टोमणा मारत नाही! पाणी हवं असलं की म्हणते, "जरा पाणी देता येईल का?" दिलं की, "धन्यवाद." मी म्हटलं, "ताई, असं नको ना बोलूस." तर उशीत तोंड खुपसून – "माफ करा. त्रास होतोय तुम्हाला."

तुम्हाला! मी तिला परकी झाले. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. शिव्या घाल गं बाई, लाथ मार, पण असं नको. पुन्हा वाटतं – तिनं तरी काय करायचं? टोमण्यात गुंडाळून सांगितलं तर मी हसते. सरळ सांगायची तिला सवय नाही. सरळ सांगितलं असतं तरी मी हसलेच असते बहुतेक. इतकी वर्षं एकमेकींना हसवून ठेवलंय आम्ही, त्यात नेमकं दुखतं कुठे ते सांगायला जागाच ठेवली नाही. तिनं तरी जागा शोधली. मी तिथे शेरा मारला – उत्तम नमुना!

आणखी एक गोष्ट सुटत नाही डोक्यातून. 'तिकीट लाव' म्हणाली ते मी सरळ धरलं, कारण मला ते हवं होतं. 'अर्धंच दिसतं' म्हणाली ते तिरकस धरलं, कारण मला ते नको होतं. एवढीच माझी हुशारी. बाकी सगळा बडेजाव.

गुरुवार, २१ मार्च

शेजारच्या काकू ताईपाशी बसल्या तेव्हा ऑफिसात गेले. साहेबांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मी बहिणीचं बोलणं चोरलं. निवाडा स्वतःच केला. चुकीचा केला. तिचा डोळा जायची वेळ आली, कोर्टाची नोकरी गेली. माझ्यासारखी नालायक बाई तुम्हाला शोधून सापडणार नाही.

साहेब खो खो हसले. "मॅडम, तुम्ही म्हणजे ना! सोमवारी सकाळी अशी एक बैठक घ्या सगळ्यांची, कामाला हुरूप येईल!"

मी नुसती उभी. त्यांना कळायला किती वेळ लागला! माझ्या तोंडून सरळ वाक्य त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. शेवटी म्हटलं, "साहेब, माझ्या तोंडाकडे बघा. मी रडतेय." तेव्हा हसू आवरलं.

मग बिचाऱ्यानं पाणी दिलं. म्हणाला, एका तुकड्यानं काय होतंय, हजारोंनी आहेत, वाईट वाटून घेऊ नका. मी म्हटलं, यंत्र लावा. लावलं. मी त्याच्याशी बोलले, अगदी साधं – "मला डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालंय."

आनंदी आवाजात उत्तर आलं – "मग उजव्यानं बघा की! जगात दोन्ही डोळ्यांनी बघण्यासारखं आहे तरी काय?"

शब्द त्याचे होते, ठसका माझा. तोच. मी ताईला उत्तर देते तो. किती लोकांच्या घरी जाणार होतं हे! एखादी एकटी बाई, घरात कुणी नाही, घाबरून यालाच विचारणार – आणि हे असं दात काढणार!

मी म्हटलं, ताईचं सगळं बोलणं काढून टाका. साहेब म्हणाले, असं मध्येच काढता येत नाही, शिकवून झालंय. संमतीच नव्हती असं ठरलं तरच पुन्हा मागे जावं लागतं. "पण संमती आहे ना. मी स्वतः ऐकलीय."

"लावा," म्हटलं. ताईचा आवाज आला, न बदललेला – 'ऐकव की! चांगलं तिकीट लाव.' साहेब या वेळी हसले नाहीत.

मी म्हटलं, "निवाडा : तिरकस. ही संमती नाही. मला तेव्हाच माहीत होतं."

"मॅडम, हे लिहून दिलंत तर तुम्हाला ठेवता येणार नाही. विचार करा."

लिहून दिलं. विचार फार केला आजवर. कोर्टाला परत बोलवा, हेही लिहिलं. साहेब म्हणाले, बोलावतो. शब्द दिलाय. पाळेल असं वाटतं, पोरगा वाईट नाही.

बाहेर पडताना हलकं वाटेल असं वाटलं होतं. कसलं हलकं!

शुक्रवार, २२ मार्च

कोर्टाला फोन केला. म्हटलं, ती बाई माझी ताई. तुमचं बरोबर होतं. माझ्यामुळे तुम्हाला भोगावं लागलं.

ते म्हणाले, "ते माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"तुमचं घर आहे ते. आवाज बदलतात हो, पण हसण्याची तऱ्हा बदलत नाही. तुम्ही आधी नाकातून हसता, मग तोंडानं. रोज समोर बसून ऐकत होतो."

मी म्हटलं, मग स्पष्ट का नाही बोललात? तर म्हणाले, "सगळ्यांदेखत बोललो असतो तर तुमचा नियमभंग उघडा पडला असता. म्हणून आडून सांगितलं. जी हसतेय तिनं न्या, म्हटलं. मला वाटलं आडून बोललेलं तुम्हाला कळतं."

मग घाईघाईनं म्हणाले, "तसं नाही हं. मी टोमणा मारत नाहीये. शनिवारी तुम्हाला एकीकडे घेऊन सरळ सांगायला हवं होतं. बुधवारीच सांगायला हवं होतं. माझंही चुकलं."

सोनारानं कान टोचावे म्हणतात. या सोनारानं सुई दोनदा लावली होती, मला कळलंच नाही! वर माफी तोच मागतोय. कुठे तोंड लपवू?

बुधवार, २७ मार्च

पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता. डाव्या डोळ्यानं उजेड दिसेल, हात हलला तर कळेल. माणसाचा चेहरा दिसणार नाही. आता नाही, पुढेही नाही. उजव्याला जपा – ज्याचा एक पडदा सुटतो त्याचा दुसराही सुटू शकतो. दिवे चमकले, काळं दिसलं, की त्याच दिवशी या. वाट बघायची नाही.

ताईनं ऐकून घेतलं. "धन्यवाद डॉक्टर," म्हणाली, तिच्या ऑपरेटरच्या आवाजात. हल्ली मलाही ती तोच आवाज लावते.

घरी येताना मी टॅक्सीत म्हटलं, "ताई, माझ्यामुळे झालं." वाटलं, निदान 'नाही गं' तरी म्हणेल. हो, तशी आशा होती मला! इतकं होऊनही मला सांत्वन हवं होतं, तेही तिच्याकडून.

ती म्हणाली, "हो."

रविवार, ३१ मार्च

मला नोकरी नाही, तिला डावा डोळा नाही, घर चकाचक. दोघी दिवसभर एकमेकींना 'धन्यवाद' म्हणतोय.

सोमवार, १ एप्रिल

कोर्ट रुजू झाले. खिदळीनं फोन करून सांगितलं. निवाडा करायला आता माझ्या खुर्चीवर तेच बसतात. साहेबांनी मागचं सगळं पुन्हा ऐकायला काढलंय. ताईचे तुकडे काढून टाकले, यंत्राला मागे जाऊन परत शिकवतायत. एक नियमही वाढवलाय – दुखण्याखुपण्याचं काही कानावर आलं की टोमणा असो नसो, यंत्रानं आधी विचारायचं, 'खरंच होतंय का?'

यंत्र विचारणार. मी नव्हतं विचारलं.

रविवार, ७ एप्रिल

दुपारी मी वाचत पडले होते. ताई दारात येऊन म्हणाली, "उजव्या डोळ्यात दिवे चमकतायत."

पुस्तक तिथेच टाकलं. किल्ली, पिशवी, चप्पल. टॅक्सीत ती म्हणाली, "अगं, थट्टा केली. परत फिरव." मी ड्रायव्हरला म्हटलं, चला तुम्ही. तिनं पुन्हा सांगितलं, थट्टाच आहे. मी तिचा हात घट्ट धरून बसले.

डॉक्टरीणबाईंनी औषध घालून बराच वेळ तपासलं. उजवा डोळा ठणठणीत. काहीही नाही.

बाहेर बाकावर येऊन बसलो. मी म्हटलं, "अशी थट्टा करतात का गं?"

ताई म्हणाली, "थट्टा नव्हती ती. दिवेही नव्हते. तू उठतेस का, ते बघायचं होतं."